दोन वर्षांचे पाहुणे

दारव्ह्याच्या आमच्या घरकुल वसाहतीत माझ्या शेजारी दोन वर्षं पाहुणे राहत होते. पाहुणे म्हणजे एक बाई, तिचा नवरा आणि माझ्या अंगणवाडीत येणारी त्यांची पोरगी. घर ज्याला मिळालं होतं त्याचं बाजारात बियाण्यांचं दुकान. तो गावात स्वतःच्या दुमजली घरात राहायचा. घरकुल भाड्यानं द्यायचं नाही ही अट त्याला पाठ होती, म्हणून कोणी विचारलं तर ‘पाहुणे आहोत’ म्हणायचं, असं त्यानं भाडेकरूंना पढवून ठेवलं होतं. तांड्यावरून आलेली ती बंजारा बाई लेकीशी त्यांच्या गोरबोलीत बोलायची. दुकानदाराच्या घरात त्या बोलीचा एक शब्द कोणाला कळत नव्हता, तरी म्हणे पाहुणे! मला हसू यायचं आणि संतापही यायचा.

पण मी गप्प होते. त्या बाईचंच नाव घरकुलाच्या प्रतीक्षायादीत होतं आणि घर मोकळं झालं की पहिला नंबर तिचा. तक्रार केली आणि घर मिळायच्या आधी तीच रस्त्यावर आली तर? शिवाय खरं सांगायचं तर मी जिभेनं तिखट असले तरी छातीनं भित्रीच.

पोळा झाला आणि ती रडत आली.

“ताई, घर खाली करा म्हणून राह्यला तो. दुसरा भाडेकरू पाह्यला त्यानं.”

“अन् यादीतलं तुयं नाव?”

“एकबी घर मोकळं नाही म्हणते ऑफिसवाले. मले कुठून देतीन?”

मग मात्र माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी मी घरकुलाच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला. शेजारी कोण राहतं, केव्हापासून राहतं, अंगणवाडीच्या हजेरीत पोरीचं नाव कधी लागलं, सगळं लिहिलं. सही करायच्या आधी तो कागद दोनदा फाडला, ते लपवत नाही.

चौकशीला ऑफिसातल्या मॅडम आल्या तेव्हा महालक्ष्म्या, म्हणजे घरोघरच्या गौरी, होऊन दोनच दिवस झाले होते. दुकानदाराला आधीच सुगावा लागला होता. भाडेकरूंना त्यानं सकाळीच तांड्यावर पिटाळलं आणि स्वतः बायकोसह त्या घरात येऊन बसला. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटोसुद्धा लावला होता. मला शेजारीण म्हणून साक्षीला बोलावलं होतं.

“आम्ही तं पहिल्यापासून इथंच राह्यतो, मॅडम,” दुकानदारानं सांगितलं.

मॅडम लिहून घेत होत्या.

चहा आला. मॅडम बाभुळगावकडच्या, त्यांच्याही घरी महालक्ष्म्या बसतात. दुकानदाराच्या बायकोला त्यांनी सहज विचारलं, “औंदा महालक्ष्म्या कशा झाल्या तुमच्या?”

तिचा चेहरा खुलला. “लय मस्त! शंभर पान जेवलं.”

मॅडमनी त्या एवढ्याशा खोलीवरून नजर फिरवली. “इथं?”

“इथं कशा बसतीन?” ती चक्क रागावली. “सासूबाईपासूनच्या महालक्ष्म्या हायेत त्या. आपलं राह्यतं घर सोडून कुठीबी बसवते काय कोणी?”

नवऱ्याचा कप तोंडाशीच राहिला. नवरा सरकारशी खोटं बोलत होता तेव्हा ती मान डोलावत होती, पण महालक्ष्म्यांविषयी खोटं बोलावं हे तिच्या मनातही आलं नाही. आमच्याकडच्या कुठल्याच बाईच्या आलं नसतं. मॅडमनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. या वेळी एका झटक्यात.

वाटप रद्द व्हायला तीन महिने लागले. तेवढे दिवस ती पोरगी तांड्यावर होती, अंगणवाडीतली तिची जागा रिकामी दिसायची आणि मला घास गोड लागायचा नाही. शेवटी त्याच घराचा कागद तिच्या आईच्या नावानं निघाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी रस्त्यातच उभी राहून हसत होते.

पुढे मॅडम पुन्हा बघायला आल्या. दारातून त्यांनी विचारलं, “कोण राहतं इथं?”

दोन वर्षांची सवय. ती बाई घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

“मी राह्यते,” ती हळूच म्हणाली. मग आवाज चढवून म्हणाली, “मायं घर हाय. तुम्ही पाहुण्या, बसा. चहा मांडते.”