सोळा चौकोनांतली बायको

घरसामानाच्या त्या मोठ्या दुकानात त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. दुकानाच्या माळ्यावर एक बिनखिडकीची खोली, खोलीत एक फिरती खुर्ची आणि खुर्चीसमोर भिंतभर स्क्रीन. स्क्रीनवर सोळा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात दुकानाचा एकेक कोपरा: उशा, दिवे, कपबश्या, बाथरूमचे नळ. या चौकोनांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणं ही वरच्यांची नोकरी. खाली कुणी टंगळमंगळ करायला लागलं की शेजारचा कोपराने ढोसून म्हणायचा, "ए, वरचे बघतायत." की लगेच फडकं हातात.

कॅमेरे छताला लावलेले, त्यामुळे वरचे माणसं ओळखायचे ती टाळूवरून. कुणाचं टक्कल गोल, कुणाचं लांबट, कुणाचा भांग सरळ आणि कुणाचा भरकटलेला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. एकदा बसथांब्यावर एक मुलगी हसून त्यांच्याशी बोलायला लागली. वरचे आपले 'हो, हो' करत राहिले. शेवटी तिच्या हातातली किल्ली पडली, ती उचलायला मुलगी वाकली, आणि वरच्यांच्या डोक्यात उजेड पडला. "अरेच्चा! दोन नंबरच्या काउंटरची कॅशियर!"

ही हकिकत त्यांनी त्याच संध्याकाळी घरी साग्रसंगीत सांगितली, आणि बायको हसून हसून बेजार झाली. बायकोचं पार्लर घराच्या पुढच्याच खोलीत. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. तीही दिवसभर काचेत बघूनच काम करायची, पण तिच्या काचेतली माणसं बोलायची, 'जास्त कापू नका हं' म्हणून दटावायची. दिवसाच्या शेवटी दोघांचा एक नेम होता. वरच्यांनी दुकानातली एक गोष्ट सांगायची. सगळे साबण हुंगून शेवटी बादली घेऊन गेलेला माणूस, उशी मऊ की कडक यावरून कडाकडा भांडून एकेक वेगळी उशी घेऊन गेलेलं नवं जोडपं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याने दागिने काही फारसे आणले नव्हते, पण गोष्ट आणल्याशिवाय तो कधी घरी आला नव्हता.

मग दुकान वाढलं. आधी चौकोन चार होते, त्याचे आठ झाले, आठाचे सोळा. गोष्टीही चौपट व्हायला हव्या होत्या, पण झालं भलतंच. गोष्टी आटल्या. वरचे घरी यायचे, बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसायचे आणि फोन काढायचे. "डोक्याचा भुगा झालाय. जरा आराम करतो." आराम म्हणजे काय, तर मोठ्या काचेला कंटाळलेले डोळे लहान काचेवर ठेवायचे. त्यात मांजरं उड्या मारायची, माणसं पाण्यात पडायची, आणि वरच्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. ताईने एकदा मुद्दाम सांगून पाहिलं, "शेजारच्यांच्या गच्चीवर आज जिराफ आलाय."

"बरं," वरचे म्हणाले.

ताई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, बॅटरी मारली आणि म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यांच्या मागे जे आहे ना, ते दमलंय. तासा-दोन तासांनी उठा, चाला, लांबचं काहीतरी बघा. आणि घरी गेल्यावर तो फोन ठेवून द्या." वरच्यांनी गंभीरपणे मान डोलावली, बाहेर आले आणि ताई पैसे देईपर्यंत फोन बघत उभे राहिले.

इथपर्यंत ताईने सगळं गोड मानून घेतलं होतं. पण एके दिवशी वरचे डबा घरी विसरले. ताई डबा घेऊन दुकानात गेली. तिला वाटलं, गंमत करावी. दिव्यांच्या कोपऱ्यात जुन्या पद्धतीचा एक कॅमेरा होता, खालून दिसेल असा मान वळवणारा. त्याच्यासमोर उभी राहून तिने हात हलवला. डबा उंच धरून दाखवला. दोन्ही हात हलवले. आजूबाजूची माणसं बघायला लागली, एका आजोबांनी तर आपल्यालाच बोलावतेय असं समजून उलट हात केला. कॅमेरा ढिम्म. शेवटी दोन नंबरच्या कॅशियरने वर फोन लावला, "अहो वरचे, काकू कधीच्या उभ्या आहेत!" तेव्हा कुठे वरचे डोळे चोळत खाली उतरले.

घरी आल्यावर ताईचा पारा चढलेलाच होता.

"तुम्ही झोपला होतात का?"

"नाही गं, बघत होतो."

"काय बघत होतात? मी हात करत होते तो कोपरा बघत होतात?"

वरचे खरं बोलणारा माणूस. "बघत होतो. पण दिसलं नाही," ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा आवाज असा काही पडला की ताईचा राग अर्धा निवला. उरलेल्या अर्ध्याची मात्र तिने पैज केली. "या महिन्यात मी दुकानात येणार. कधी, कशी, ते सांगणार नाही. दिसले तर ठीक. नाही दिसले तर ही नोकरी सोडायची आणि माझ्या दादाच्या दुकानात बसायचं."

वरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दादाचं खिळे-स्क्रूंचं दुकान होतं. दादा स्वभावाने प्रेमळ, पण त्याचं भाषण शटर वर जाताना सुरू व्हायचं ते शटर खाली येईपर्यंत. आणि भाषणाचा विषय एकच: दादाने हे दुकान कसं उभं केलं. वरच्यांना ते भाषण स्वल्पविरामांसकट येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात क्रांती झाली. फोन दारातच बुटांच्या कपाटात जाऊ लागला, बुटांबरोबरच, म्हणजे बूटही आपोआप निघाले. दुकानात वरच्यांनी मॅनेजरला गाठून आपलं गाऱ्हाणं मांडलं, आणि बाहेरच्या आवारात ट्रॉल्या गोळा करणाऱ्या ट्रॉलीवाल्याशी बोली केली: एक तास मी वर, एक तास तू वर. ट्रॉलीवाल्याचे गुडघे दुखत होते, त्याला फिरती खुर्ची म्हणजे राजगादीच. वरचे उन्हात ट्रॉल्यांची आगगाडी ढकलत आवारभर हिंडू लागले. लांबची झाडं बघू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरेही बघू लागले; माणसांना नाकं असतात याचं त्यांना सुरुवातीला फार नवल वाटलं.

पहिला आठवडा घरी ते तंबाखू सोडलेल्या माणसासारखे चिडचिडले. हातांना काय करावं कळेना, म्हणून मटार सोलायला बसले आणि दाण्यांपेक्षा सालं जास्त भांड्यात टाकली. मग हळूहळू गाडी रुळावर आली. शांत झोप लागू लागली. गळका नळ त्यांना आपणहून दिसला. पण गोष्ट? गोष्ट काही येईना. ताई विचारायची, "आज काय झालं दुकानात?" वरचे ताटात बघून म्हणायचे, "विशेष काही नाही."

ताईने आपल्या पार्लरची सगळी विद्या पणाला लावली. पहिल्या खेपेला भांग बदलला, गॉगल चढवला आणि कपबश्यांच्या कोपऱ्यात चांगली रेंगाळली. पण नवरा काही खाली आला नाही. दुसऱ्या खेपेला केस कुरळे करून झुलत्या खुर्च्यांकडे गेली, पण वरून कसलीच हालचाल नाही. तिसऱ्या खेपेला शेजारणीचा लांब कोट आणि रुंद काठाची टोपी, म्हणजे टाळूच दिसायला नको. तिथे आई हरवलेली एक छोटी मुलगी भोकाड पसरून उभी होती. ताईने तिला काउंटरपर्यंत पोचवलं आणि रिकाम्या हाताने घरी आली.

वाटेत तिला रडूच आलं. पैज ती जिंकत होती आणि तिला ती जिंकायची नव्हती. तिला नवरा दादाच्या दुकानात नको होता. तिला फक्त त्याला दिसायचं होतं.

महिना संपला त्या संध्याकाळी तिने ताट वाढलं आणि जड आवाजात सांगितलं, "मी तीनदा येऊन गेले. दादाला उद्या फोन करते."

वरच्यांनी घास खाली ठेवला. "पहिल्यांदा आलीस तेव्हा मधून भांग पाडला होतास. सहा कप उलटे करून बघितलेस, प्रत्येकावर टिचकी मारलीस आणि एकही घेतला नाहीस. कपांचा सेल्समन तुझ्या मागे मागे हिंडून रडकुंडीला आला होता."

"आणि मग?" ताईने विचारलं.

"दुसऱ्यांदा झुलत्या खुर्चीत बसलीस आणि झोपलीस. तोंड उघडं टाकून. एक बाई ती खुर्ची विकत घ्यायला आली, तुला बघून 'आरामदायक दिसतेय' म्हणाली आणि दोन घेऊन गेली. मॅनेजर मला विचारत होता, त्या कुरळ्या बाईंना रोज बोलावता येईल का."

"आणि टोपी?" ताई म्हणाली. "टोपीत तर डोकंच दिसत नव्हतं."

"डोकं नव्हतं दिसत. पण त्या पोरीच्या डोळ्यांवर केस आले होते, ते तू तीन बोटांनी बाजूला केलेस. तसं जगात दुसरं कुणी करत नाही."

ताईने पदार्थ वाढायचा डाव तसाच हातात धरला होता. "मग सांगितलं का नाही हो? इतके दिवस विचारतेय, काय झालं दुकानात, काय झालं दुकानात!"

"काय सांगणार? गोष्ट सांगायची तर तुझीच होती. आणि सांगितली असती तर पैज संपली असती, तू यायची बंद झाली असतीस." वरचे ओशाळून हसले. "आज येईल, उद्या येईल, म्हणून मी ते सोळाच्या सोळा चौकोन बघत होतो. कितीतरी दिवसांनी मला ते बघावेसे वाटले."

ताईने डोळे पुसले आणि मग दोघंही झोपलेल्या गिऱ्हाइकाच्या गोष्टीवर पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या नेहमीच्या भांगानिशी दुकानात गेली, दिव्यांच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि हात हलवला. कॅमेऱ्याने ताबडतोब मान वर-खाली केली, दोनदा. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने पुन्हा हात केला, लाजत एक चुंबनही हवेत सोडलं. कॅमेऱ्याने जोरजोरात मान डोलावली.

"कुणाशी चाललंय?" मागून आवाज आला. ट्रॉल्यांची लांबलचक रांग घेऊन वरचे मागे उभे होते, उन्हाने तांबूस झालेले.

ताईने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, मग वर कोण आहे?"

"ट्रॉलीवाला. आता वर्षभर माझी धडगत नाही."

ताई लाजेने लाल झाली आणि तोंड लपवायला पटकन खाली वाकली. वरच्यांनी तिच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं. "राहू दे," ते म्हणाले, "मला आता चेहऱ्यावरूनही ओळखता येतं."