हा मला बघून सरळ होतो

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण तिच्यात मी काही चांगला दिसत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत पहिला कॉम्प्युटर माझ्या घरी आला. त्यावर मी मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचो, पण दहा मिनिटांत माझी गाडी अडखळायला लागायची. मग शहाडहून एक मेकॅनिक सायकलवरून यायचा. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनासारखा स्क्रूड्रायव्हर लावलेला असायचा. आधी तो कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावायचा, मग तासभर स्वतःच गेम खेळत बसायचा. गाडी एकदाही अडखळायची नाही.

"काका, हा मला बघून सरळ होतो," तो हसून म्हणायचा. "तुम्ही रागावता का याला?"

तो गेला की गाडी पुन्हा अडखळायची. चौथ्या खेपेनंतर मी इमारतभर सांगितलं, की हा आतले चांगले पार्ट काढून नेतो. मग त्याला कुणी बोलावेनासं झालं.

पुढे मे महिन्यात बायकोने डब्यावरचं, तिनेच विणलेलं क्रोशाचं कव्हर धुवायला काढलं आणि गाडी सुसाट धावली. कव्हराखाली डबा तापत होता. मेकॅनिक यायच्या आधी मीच दर वेळी ते काढून ठेवायचो, त्याच्या हाताचं सायकलचं ग्रीस लागू नये म्हणून.

वर्षभराने तो कल्याण स्टेशनबाहेर भेटला. माफीचं वाक्य मी कधीचं पाठ केलेलं होतं.

"काका, गाडी अडखळते का अजून?" त्यानेच आधी विचारलं.

"थोडीशी," मी म्हणालो.