पावलांनी मोजलेलं कोर्ट

परवा भाचीनं मला तिचं पिकलबॉलचं कोर्ट दाखवायला नेलं. निळी जमीन, पांढऱ्या रेघा, मधे नेट. ती बॅट घेऊन उड्या मारत होती, आणि मी चपला काढून रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायला लागले. मावशी, हे काय चाललंय, म्हणून तिनं विचारलं. मोजतेय, म्हटलं. तर म्हणे, अगं, कोर्ट सगळीकडे सारखंच असतं. हेच तर मला पचत नाही. आमचं कोर्ट रोज वेगळं असायचं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावात मेहरूणच्या बाजूला आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे पाटबंधाऱ्यात, मी शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका रिंग खेळायच्या. रबराची लाल रिंग, दोन निंबांच्या मधे बांधलेली पलंगाची जुनी नवार हेच नेट, आणि रिंग एका हातानं झेलून त्याच हातानं पलीकडे टाकायची. एवढाच खेळ. दिवसभर जमीन अशी तापलेली असायची की आधी सडा घातल्याशिवाय पाय ठेवायची सोय नव्हती. म्हणून पाळी लावलेली. ज्या बाईची पाळी, तिनं सडा घालायचा आणि रांगोळीनं कोर्ट आखायचं. लांबी-रुंदी ठरलेली होती, इतकी पावलं लांब आणि इतकी पावलं रुंद. ही पावलं कधीतरी बदली होऊन गेलेल्या एका बाईनं सांगून ठेवलेली. तेव्हापासून कोणी त्यावर विचार केला नव्हता. स्वयंपाकातलं मीठ जसं हातानं घालतात, तसं कोर्ट पायानं.

मला खेळाचं भयंकर वेड लागलं. पण एक गोष्ट कळेना. काही दिवशी माझी रिंग मागच्या रेघेच्या आत अशी अलगद पडायची की मला स्वतःचंच कौतुक वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच रिंग, तोच हात, पण सगळं बाहेर. असं का? मी झोपेवर संशय घेतला, दुपारच्या भरताच्या वांग्यावर घेतला, वाऱ्यावर घेतला. वारा बघायला ओट्यावर रुमाल बांधून ठेवला. शेजारच्या ओव्हरसियरीणबाई उंच, धिप्पाड आणि जिभेनं तिखट. त्या म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. बायका हसल्या. मला राग आला, पण घोडं पेंड खातंय कुठे ते शोधल्याशिवाय मी गप्प बसणारी नव्हते.

कळलं ते एका संध्याकाळी, माझ्याच पाळीला. मी पावलं टाकत मागच्या रेघेपाशी आले, तर आदल्या दिवशीच्या रांगोळीचा पुसट पट्टा अजून पुढेच. चांगला दोन हात. आदल्या दिवशी पाळी ओव्हरसियरीणबाईंची. मी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. माझे पाय माझ्या आईसारखे, लहान मुलीला शोभावेत असे. मला एकटीलाच हसू यायला लागलं. कितीतरी वर्षं शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका आम्ही, आणि प्रत्येकीचं पाऊल सारखंच धरून चाललो होतो. अंगण खरंच वाकडं होतं.

मी सगळ्यांना गोळा केलं आणि मुद्दा मांडला. झालं! कोणाचं पाऊल खरं धरायचं, यावरून अशी जुंपली की त्या दिवशी खेळच झाला नाही. मी शाळेतून टेप आणते म्हटलं. तेव्हा अक्का बोलल्या.

अक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्यांचे यजमान आमच्या यांच्याच ऑफिसात, महिनाअखेरीस निवृत्त होणार, मग क्वार्टर सोडून अमळनेरजवळच्या गावी जायचं. नऊवारीचा काष्टा घट्ट आवळून त्या अशा खेळायच्या की तरण्याताठ्या बायका दमायच्या. पुढच्या रविवारी आम्हाला धुळ्याच्या कॉलनीतल्या बायकांशी खेळायला जायचं होतं, आणि त्या बायकांत अक्कांची धाकटी जाऊ होती. तिनं एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं, नातवंडं खेळवायच्या वयात वहिनींना खेळणं सुचतंय. अक्कांना ते फार लागलं होतं. गावी गेल्यावर आपल्याशी कोण खेळणार, सुनेसमोर कासोटा आवळून उड्या मारल्या तर गाव काय म्हणेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे जे काही खेळायचं ते त्या रविवारपर्यंतच.

टेपचं ऐकून त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तसंच. धुयावाल्यास्ना पाय केवढा शे, तुले काय माहीत?"

मी गणिताची मास्तरीण, पण हे मला सुचलं नव्हतं. खरंच की. आमचं कोर्ट आम्ही नीट करून घेऊ, पण त्यांचं? मग आम्ही उलटंच केलं. त्या आठवड्यात रोज पाळी बदलून मुद्दाम लहान-मोठं कोर्ट आखलं. आज कोणाचं पाऊल आहे हे खेळणाऱ्यांना सांगायचं नाही. पहिल्या चार-दोन रिंगांत आपणच ओळखायचं आणि हात आवरायचा किंवा सोडायचा. इतकी मजा मला त्या खेळात आधी कधी आली नव्हती. आधी मी नुसती टाकायचे. आता टाकायच्या आधी बघायला लागले. कोपरा कुठे आहे, समोरचीचा तोल कुठल्या पायावर आहे, रिंग सपाट गेली तर किती जाते आणि तिरकी गेली तर किती. बाई गं, एका रबरी कड्यात केवढं काय काय होतं!

रविवारी एसटीनं धुळ्याला गेलो. माझं माहेर धुळ्याचंच, पण त्या दिवशी आईकडे वाकडी वाट करायचीही मला शुद्ध नव्हती. त्यांचं कोर्ट चुन्यानं आखलेलं, टणक, मोठं. चहा होईस्तोवर मी त्याच्या कडेनं टाचेला अंगठा लावत फिरून आले. धुळ्याच्या बायकांना वाटलं, माझा काही नवस असावा. मी अक्कांच्या कानात सांगितलं, हे आपल्या ओव्हरसियरीणबाईंचं कोर्ट आहे. अक्कांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "एक डाव. बठ्ठी मॅच नको माले, एक डाव जिकाना शे."

अक्का आणि मी एका बाजूला, जाऊबाई आणि त्यांची शेजारीण दुसऱ्या. पहिला डाव आम्ही घेतला. शेवटची रिंग अक्कांनी अशी टाकली की सगळ्यांना वाटलं बाहेर जाणार, आणि ती कोपऱ्यात चुन्याच्या आत बसली. जाऊबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. पुढचे दोन्ही डाव आम्ही हरलो, चांगलेच हरलो, पण अक्कांना त्याचं काही नव्हतं. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसून सारख्या आपला उजवा हात बघत होत्या. पारोळा गेल्यावर मला दिसलं, त्या रडत होत्या. मलाही रडू येत होतं.

निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ आणि ती लाल रिंग. रिंग बघून अक्का म्हणाल्या, आता हिची चुंबळ करायची आणि वर हंडा ठेवायचा, दुसरं काय. सगळ्या हसल्या. मला ते बोलणं मुळीच आवडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अमळनेरला एका लग्नाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून अक्कांच्या गावी गेले. ऐन दुपार. अक्कांनी पाणी दिलं, पदरानं वारा घातला, कॉलनीतल्या एकेकीची चौकशी केली. रिंगेचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. कारण ती मला दिसली होती. कोपऱ्यातल्या माठाखाली. खरंच चुंबळ केली होती. मला इतकं वाईट वाटलं की पुढे त्या काय बोलत होत्या ते धड ऐकूही आलं नाही.

उन्हं कलली तशी सून शेतातून आली, थोडा वेळ घरामागे जाऊन परतली. हातपाय धुतले, सरळ कोपऱ्यात गेली, माठ उचलून बाजूला ठेवला आणि रिंग काढून घेतली. उन्हात रबर मऊ पडतं म्हणून दिवसभर गारव्याला ठेवतो, असं तिनं मला सांगितलं आणि कासोटा आवळला.

मी तिच्या मागोमाग घरामागच्या खळ्यात गेले. सडा घातलेला, रांगोळीच्या रेघा ओढलेल्या, आणि नवारीपाशी आळीतल्या चार-पाच बाया आमची वाट बघत उभ्या. मला राहवेना. मी चपला काढल्या आणि रेघेवरून टाचेला अंगठा लावत शेवटपर्यंत गेले. अक्कांचं कोर्ट मला चांगलं पाठ होतं. हे त्याहून लहान होतं.

"अक्का, हे तुमचं पाऊल नाही," मी म्हटलं.

"मन्हं नई ते," अक्का पदर खोचत म्हणाल्या. "आज सूननी पाळी व्हती."