सत्याचे गुण, दयेचे गुण

सोलापूरच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. सत्त्व, रज, तम या आपल्याकडच्या जुन्या विचाराच्या आधारे माणसातला सद्गुण मोजणारी प्रश्नावली मी तयार करत होते. सत्य, दया, क्षमा, प्रत्येकाला वेगळे गुण. पण आपण जे मोजतोय ते खरंच मोजलं जातं का, ही शंका काही केल्या जात नव्हती. त्यातच आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

आई ऐन वेळी अडून बसली. डॉक्टरांनी समजावलं, मी रडले, ती बधेना. "मला घरी ने. सिद्धरामेश्वराच्या मनात असेल ते होईल," एवढंच म्हणे. मीही मनातल्या मनात आमच्या त्या ग्रामदैवतालाच हाक मारली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून आल्या. अक्कलकोटकडच्या, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या. आईचा हात धरून म्हणाल्या, "माजं बी हेच ऑपरेशन झालंय की, अव्वा. बगा, कशी चालत आले. भिऊ नका." आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि तयार झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. मी बाईंचे आभार मानायला गेले, तर नर्स त्यांना रात्रीपासून उपाशी राहायला सांगत होती. त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

"म्हणजे तुमचं झालंच नव्हतं?"

"न्हाय ओ. मीच लई भ्यालेय. पर तुमच्या आईचा हात कसा कापत हुता!"

मी पार गोंधळले. सत्याला यांना शून्य द्यायचं आणि दयेला पूर्ण गुण? बेरीज कशाची करायची? सत्य हिताचंही असावं, असं मी वर्गात शिकवत आले. इथे ते सत्य होतं की नुसतं हित, हेच कळेना. आई तर बाईंच्या येण्याला देवाची कृपा म्हणत होती. कृपा खोटं बोलून येते का?

सकाळी बाईंना ऑपरेशनसाठी न्यायला आले. त्यांचा मुलगा अजून एसटीतच होता. नर्सने विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

"कोण लागता?"

बाईंनी माझं बोट घट्ट धरलं होतं. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झाल्यावर मी हात जोडले आणि काही न मागता तिथल्याच बाकावर बसले.

संध्याकाळी त्या शुद्धीवर आल्या. मला अजूनही काही उलगडलेलं नाही. दोघी सुखरूप आहेत. त्या दाराबाहेर मात्र, काही समजून घ्यायची धडपड न करता, मी पहिल्यांदाच नुसती बसून राहिले होते. ते बसणं मला देवानं दिलं, असं मी मानते.