आकुर्डीपासून लांब

कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा रविवारी आमच्या आकुर्डीच्या घरी बैठक बसली. जाणार मी, आणि ठरवणार बाकी सगळे! जेवणं झाली तसा थोरल्या काकांनी मोबाइल काढला आणि मुंबई ते फ्रँकफर्ट अंतर मोठ्याने वाचून दाखवलं.

"साडेसहा हजार किलोमीटर. विमानाला नऊ तास," ते म्हणाले. "उद्या इथं कुणाचं बरंवाईट झालं तर येशील कधी तू?"

पप्पांनी मान डोलावली. माझं डोकंच फिरलं. मी रोज कंपनीच्या बसने चाकणला जाते. चौकात बस अशी अडकते की ड्रायव्हर इंजिन बंद करून चहा पिऊन येतो. घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही. त्याला कुणी लांब म्हणत नाही, कारण पगार घरात येतो. आणि याच काकांनी आपली मुलगी नांदेडला दिली. ट्रॅव्हल्सने अख्खी रात्र जाते. तेव्हा म्हणाले होते, "रात्री बसलं की सकाळी पोचलं, लांब कसलं?" सासरी जायचं असलं की रस्ता आखूड होतो वाटतं!

हे सगळं मी तोंडावर बोलले. काका लालबुंद झाले. पप्पा माझ्यावरच खेकसले, "गप बस! मोठी माणसं बोलतायत."

आई ताटं गोळा करत होती. ती थांबली. आईचं माहेर चऱ्होली, रिक्षाने तासभरही लागत नाही.

"भाऊजी, चऱ्होली किती लांब हाय हो?" तिने विचारलं.

हातातली ताटं तिने खाली ठेवली.

"माझी आई गेली, त्या दिवशी ह्याच घरात तुमच्या लेकीचा साखरपुडा व्हता. सकाळी फोन आला, तो तुमीच घेतला. मला सांगितलं पंगती उठल्यावर. मी पोचले तवर तिला नेलं व्हतं. तोंड न्हाई दिसलं मला तिचं. तवा काय विमान लागणार व्हतं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा. जवळ राहून माझं काय झालं, ऐकलंस ना?"

काकांनी मोबाइल खिशात घातला. पप्पा फरशीकडे बघत राहिले. मी कुणाची परवानगी मागितली नाही, सोमवारी होकार कळवून टाकला.

राग मात्र जात नाही. त्या दिवशी आजी गेली, हे मला माहीत होतं. सकाळचा फोन मात्र मला त्या रविवारीच कळला. साखरपुड्याची पंगत मला स्वच्छ आठवते. आई नवी साडी नेसून, हसत, आग्रह करकरून जिलेबी वाढत होती. आणि काकांनी तिला हाक मारून आणखी दोन मागून घेतल्या होत्या.