खाली काय पडलं?

काउंटरवर तळहात आपटून काका विचारायचे, "ताई, बारीक केलं म्हंता, मग खाली काय पडलं?" आणि खरोखरच वाकून माझ्या टेबलाखाली बघायचे.

लातुरात रेणापूर नाक्याजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, फोटो, सह्या स्कॅन करून पोर्टलला चालतील एवढ्या लहान करणं हे रोजचं काम. त्यासाठी टेबलाखाली वाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण या काकांचं आयुष्य दाळ मिलमध्ये गेलेलं. तिथे तुरीची डाळ होताना टरफल एकीकडे पडतं, चुनी म्हणजे डाळीचा चुरा दुसरीकडे. काहीच न पडता वस्तू कमी होते, हे त्यांना पटेना.

"काही पडत नाही काका, कॉम्प्युटर आतल्या आत करतो!" मी ओरडून सांगायची. ओरडावंच लागे. मिलच्या यंत्रांनी त्यांचे दोन्ही कान नेले होते.

त्यासाठीच तर ते यायचे. सरकारी योजनेतून कानाचं यंत्र हवं होतं. एकुलती लेक लोह्याला दिलेली. फोनवर तिचं बोलणं त्यांना कळत नसे, म्हणून ती माझ्या फोनवर बोलायची आणि मी ते त्यांच्या कानात ओरडायची. "बाबा, जेवलाव का?" हे मी भर गर्दीत किंचाळून विचारलं आहे. लोक हसायचे. काका शरमायचे आणि माझ्याहून मोठ्यानं उत्तर द्यायचे.

अर्जासोबत कान तपासणीचा रिपोर्ट लागतो. त्यात आलेख असतो, उजव्या कानाची रेघ तांबडी, डाव्याची निळी. पोर्टलला फाइल हवी पाचशे केबीच्या आत. रंग काढून, दाबून मी ती कशीबशी बसवली. पुढे कधीतरी उत्तर आलं, 'रिपोर्ट अस्पष्ट, अर्ज नामंजूर.' बघते तर दोन्ही रेघा काळ्या होऊन एकमेकींत मिसळलेल्या.

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं का, कायतरी पडलंय."

मी त्यांना घेऊन तडक कार्यालयात गेले. खिडकीमागचे साहेब मान वर न करता पुटपुटले, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही, हे रिपोर्टवरून कळत नाही."

"आँ?"

साहेबांनी पुन्हा सांगितलं.

"आँ?"

मागची रांग हसायला लागली. "साहेब, आता तरी कळलं का?" मी विचारलं.

"मॅडम, मला कळून काय उपयोग? सिस्टिमला दिसलं पाहिजे."

तुम्हीही अशा खिडक्यांसमोर उभे राहिला असाल, तेव्हा माझ्या तळपायाची आग कुठवर गेली ते सांगत नाही. याच योजनेची माहितीपुस्तिका मी त्याच पोर्टलवरून उतरवली होती. ती उघडायला कॉम्प्युटर धापा टाकतो, कारण पानोपानी हसऱ्या लोकांचे रंगीत फोटो. त्या फोटोंना जागा आहे. काकांच्या दोन रेघांना नाही.

दुकानात परत येऊन रिपोर्ट उघडला. अर्धं पान दवाखान्याच्या इमारतीच्या चकचकीत फोटोनं अडवलेलं. तो छाटला. दवाखान्याचं नाव, शिक्का, सही आणि त्या दोन रेघा तेवढ्या रंगासकट ठेवल्या. फाइल आरामात बसली, अर्ज पुन्हा टाकला.

"खाली काय पडलं?" काकांनी विचारलंच.

"दवाखान्याची बिल्डिंग!"

"मग पडू द्या की!" म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले.

उन्हाळ्यात पहिल्यांदा टाकलेल्या अर्जाला मंजुरी यायला दिवाळी उलटली. यंत्र मिळाल्यावर लेक येऊन त्यांना लोह्याला घेऊन गेली. काउंटरवरची थाप बंद झाली.

परवा तिच्या नंबरवरून फोन आला. सवयीनं मी ओरडले, "काय म्हणतात गं बाबा?"

"ताई, कामून वरडायलाव? यायलंय की ऐकू."

क्षणभर कोण बोलतंय तेच कळेना. काका होते. इतका हळू, इतका मऊ आवाज. मला गहिवर वगैरे आला नाही, संतापच आला. हा आवाज त्यांच्यापाशी पहिल्यापासून होता. लेकीशी त्या आवाजात बोलता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांना उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत ओरडायला लावलं.