विमलाक्काचं लायसन्स

विमलाक्का गेल्याचं तिच्या भावानं, श्रीधरअण्णांनी, फोनवर सांगितलं. मी ऑफिसात होते. “सकाळी कॉफी घेतली, खुर्चीतच...” याला आता काही आठवडे झाले.

मी पुण्याहून बेंगळुरूला आले तेव्हा जे. पी. नगरात आमची दारं समोरासमोर होती. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं. तिच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं, की सुरुवातीला मी नुसतीच मान हलवायचे. मोटार कंपनीतली नोकरी सोडून तिनं बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात श्रीधरअण्णांबरोबर वर्कशॉप काढलं होतं. इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर गाडीत असतो, त्यातला प्रोग्राम दुरुस्त करायचा किंवा नव्यानं भरायचा, हे तिचं काम.

देवनहळ्ळीच्या एका ट्रस्टची व्हॅन डायलिसिसच्या रुग्णांना दवाखान्यात नेत असे. पावसाचं पाणी शिरून तिचा कॉम्प्युटर गेला. ट्रस्टच्या व्यवस्थापकांनी जुन्या बाजारातून दुसरा आणला. दिसायला अगदी तसाच. अक्कानं मागचा नंबर पाहिला आणि तो बाजूला ठेवला. “हा दुसऱ्या इंजिनचा. जोडणी बसेल, पण इंजिन चालणार नाही.” योग्य कॉम्प्युटर मिळाला, पण प्रोग्राम भरायच्या तिच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये तो प्रकार नव्हता. वाढीव लायसन्स कंपनीकडून यायला वेळ लागणार होता.

व्यवस्थापक संध्याकाळी त्याच सॉफ्टवेअरची फुकटची, लॉक तोडलेली प्रत घेऊन आले. मीही तिथे होते.

“मॅडम, सगळे हेच वापरतात. रुग्ण खोळंबलेत.”

“सगळे वापरतात, मी नाही. एक तर ही चोरी आहे. आणि प्रोग्राम लिहिता लिहिता मध्येच बंद पडली तर हाही कॉम्प्युटर जाईल. मग काय करणार?”

“तोवर त्यांनी जायचं कसं?”

अक्कानं स्वतःच्या गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाली, “सरी, बरं, मी नेते.”

आणि खरंच नेलं. लायसन्स येईपर्यंत वर्कशॉप अण्णांवर टाकून ती स्वतःच्या गाडीतून रुग्णांना ने-आण करत राहिली. त्यातल्या एक आजी गाडी लागते म्हणून पुढेच बसायच्या आणि वाटभर अक्काच्या चालवण्यात चुका काढायच्या. हे ती मला हसत सांगायची. लायसन्स आलं, प्रोग्राम बसला, व्हॅनची किल्लीही त्या कॉम्प्युटरला ओळखीची करून द्यावी लागली. इंजिन सुरू झालं तेव्हा ती फक्त म्हणाली, “झालं. आता घरी जाऊन झोपते.”

तिच्या नावचं लायसन्स अण्णांना वापरता येत नाही. कंपनीनं तसं स्पष्ट कळवलं. त्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज केला आहे, तोवर तसली कामं घेत नाहीत.

माझ्या जुन्या गाडीचा प्रोग्राम तिनंच बदलला होता. त्याआधी मूळ प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या हातात दिला. “गाडी विकलीस तर हा बरोबर द्यायचा. तो गाडीचा आहे, तुझा नव्हे.” गेल्या रविवारी गाडी विकली. पेनड्राइव्हवर तिच्या अक्षरात गाडीचा नंबर लिहिलेली पट्टी होती. ती तेवढी काढून ठेवावी असं वाटलं... नखानं एक कोपरा उचललाही. मग दाबून परत चिकटवला आणि किल्ल्यांबरोबर पेनड्राइव्ह घेणाऱ्याला देऊन टाकला.